झिपच्या जन्मकथेतल्या लोणकढ्या

फॉरवर्ड होत फिरणारी कहाणी साधारण अशी: ‘एसईए’ नावाच्या बड्या कंपनीने फाइली दाबून लहान करणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमच्या नुसत्या ‘एआरसी’ या नावावरून प्रोग्रॅमर फिल काट्झला कोर्टात खेचलं, त्याने चिडून सगळ्यांसाठी त्याच कामाचं फुकट झिप लिहिलं, आणि झिपच्या फाइली लहान होत म्हणून एआरसी संपलं.

बडी कंपनी? न्यू जर्सीतली सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स म्हणजे थॉम हेंडरसन आणि घरचीच एक-दोन माणसं.

नावाचा मुद्दा 1988च्या दाव्यात होता, पण खरी दुखरी नस कोडची होती. हेंडरसनने एआरसीचा सोर्स कोड सगळ्यांना बघायला दिला होता. तज्ज्ञाने तो आणि काट्झच्या पीकेआर्क या तसल्याच प्रोग्रॅमचा कोड शेजारी ठेवून तपासला, तर कॉमेंटमधल्या, म्हणजे कोडमधल्या टिपांतल्या, स्पेलिंगच्या चुकासुद्धा जशाच्या तशा उतरलेल्या. (परीक्षेतली कॉपी अशीच पकडतात.) त्याच वर्षी तडजोड झाली: काट्झने मागच्या रॉयल्टीचे 22,500 आणि खर्चापोटी 40,000 डॉलर द्यायचे. तरी त्याला निव्वळ नकलाकार म्हणणंही चूक. कळीचे भाग असेम्ब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या पातळीच्या भाषेत, लिहिल्यामुळे पीकेआर्क मूळ प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी वेगाने चाले.

फुकट? 1989मध्ये आलेला काट्झचा झिप प्रोग्रॅम, पीकेझिप, शेअरवेअर होता: आधी वापरून बघा, मग पैसे भरा. मोकळा होता तो फॉरमॅट. त्याची रचना काट्झने लिहून जाहीर केली, कुणीही आपला प्रोग्रॅम लिहावा. माझ्या मते एआरसी मागे पडलं ते मुख्यतः यामुळे.

‘लहान फाइली’ हे फार तर अर्धसत्य. पीकेझिपची सुरुवातीची ‘श्रिंक’ पद्धत एआरसीच्या ‘क्रंच’सारखीच एलझेडडब्ल्यू या दाबण्याच्या पद्धतीच्या घराण्यातली. आज सगळे वापरतात ते ‘डिफ्लेट’ 1993च्या 2.04 आवृत्तीबरोबर पसरलं. मधल्या काळात एलएचए आणि एआरजे या प्रतिस्पर्धी प्रोग्रॅमच्या फाइली अनेकदा झिपपेक्षा लहान निघत.

फरक मांडणीत होता. एआरसीत प्रत्येक फाइलीआधी 29 बाइटचा हेडर (तिचं नाव, आकार वगैरे सांगणारा तुकडा), आणि अनुक्रमणिका नाहीच. यादी हवी तर एका हेडरवरून पुढच्यावर उड्या मारत शेवटपर्यंत जायचं. झिपमध्ये प्रत्येक फाइलीला हेडर आहेच, शिवाय शेवटी सगळ्यांची यादी. शेपूट वाचलं की काम झालं. त्याची किंमतही शेपटातच आहे: मोडेमवर डाउनलोड अर्ध्यात तुटलं की आधी यादीच जाते आणि प्रोग्रॅम म्हणतो, ही झिप नाही. पण आतल्या फाइली बऱ्याचशा शाबूत असतात. पीकेझिपफिक्स हा दुरुस्तीचा प्रोग्रॅम एकेक हेडर हुडकून यादी पुन्हा बांधायचा. अनेक फ्लॉप्यांवरची झिप उघडताना आधी शेवटची फ्लॉपी मागितली जाई, तीही या यादीसाठीच.

वर्डची कुठलीही .डॉकएक्स फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट सोळाच्या पटीतल्या अंकांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. पहिले दोन बाइट 50 आणि 4B, म्हणजे ‘पी’ आणि ‘के’: फिल काट्झची आद्याक्षरं.