पट्टा पाय ओढत नाही

पावसाळा ओसरून जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता उगवतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. दुखापत झाली की दुखणं शून्यावर येईपर्यंत पूर्ण विश्रांती घ्या. मग रस्त्यावर न जाता जिममधल्या ट्रेडमिलवर रोज थोडं धावा, कारण पट्टा पाय मागे ओढतो आणि शरीरावर निम्माच भार येतो. स्लोप, म्हणजे पट्ट्याचा चढ, मात्र १ ठेवायलाच हवा. आणि दर आठवड्याला अंतर १० टक्के वाढवत गेलात तर दुखापत पुन्हा होणं शक्यच नाही. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

यंदा तो थेट मला आला. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी चढाचा सराव करताना माझी उजव्या टाचेमागची शीर धरली (अकिलिस टेंडन, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा दोर, पण दुखायला लागल्यावर सगळे शीरच म्हणतात). पाठवणारे काका मनाने चांगले आहेत, म्हणून त्यांना फक्त अंगठ्याचा इमोजी पाठवला. मी डॉक्टर नाही, पण पाच महिने हेच वाचतोय आणि फिजिओचं डोकं खातोय. त्यामुळे सविस्तर उत्तर इथे.

पट्ट्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा मेसेज त्याच खुंटीवर टांगलाय. डेक्कन क्वीनमध्ये डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहा. गाडी एका वेगाने जात असेल तर पायांना तिच्या वेगाचा पत्ताही लागत नाही. ट्रेडमिलचंही तेच. वेग स्थिर असला की जमीन तुमच्याखालून सरकते की तुम्ही जमिनीवरून, याने पायांचं काम बदलत नाही. समोरून हवा कापावी लागत नाही, एवढाच काय तो आराम. आणि भार? धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात, मग अख्खं शरीर एका पायावर उतरतं. सत्तर किलोच्या माणसाच्या तळव्याखाली तेव्हा वजनाच्या दोन-अडीच पट जोर येतो, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलो. हे वरून खाली येणं आहे, आणि पट्टा सरकतो आडवा. ताशी साडेसातच्या वेगाने एक किलोमीटर धावलात तर आठ मिनिटांत साधारण १,२८० पावलं पडतात. दुखऱ्या पायाच्या वाट्याला ६४०.

त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत निरोगी धावपटूंना जमिनीवर आणि ट्रेडमिलवर धावायला लावून सांध्यांवरचा ताण मोजला गेला. गुडघ्याच्या वाटीवर जवळपास सारखाच निघाला. अकिलिसवर मात्र ट्रेडमिलवर सुमारे १२ टक्के जास्त! म्हणजे गुडघेवाल्यांना फायदा नाही आणि टाचवाल्यांना तोटाच.

‘निम्मा भार’ ही अफवा बहुधा दुसऱ्याच यंत्रावरून आली असावी. कमरेखालचा भाग हवाबंद पिशवीत घेऊन, आत हवेचा दाब वाढवून माणसाला वर उचलणारी ट्रेडमिल असते, तिची मूळ कल्पना नासातली. तिच्यावर वजन खरोखर निम्मं करता येतं. तुमच्या-माझ्या जिममध्ये कोपऱ्यात टीव्हीखाली उभी असते ती ही नव्हे. बरेच जण समोरचा दांडा धरून धावतात, त्याने भार थोडा कमी होतो खरा, पण चाल बिघडते आणि स्क्रीनवरचे आकडे खोटे पडतात.

मग मी ट्रेडमिलवर का जातो? कारण ती गादी नसली तरी मापटं आहे. रस्त्यावर मी ‘हळू’ म्हणून निघतो आणि पुढे ओळखीची पाठ दिसली की वेग वाढतो. घरापासून तीन किलोमीटरवर शीर बोलली तर तीन किलोमीटर परत यायचंच असतं. ट्रेडमिलवर ७ म्हणजे ७, आणि थांबायला एक लाल बटण. डोस मोजून घ्यायचा असेल तर एवढं पुरे.

आता विश्रांती. दुखापतीवर बर्फ आणि विश्रांतीचा ‘राइस’ (रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन) मंत्र अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये दिला. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. मंत्र देणाऱ्याने परत घेतला, आपण अजून जपतोय. शिरेच्या बाबतीत तर पूर्ण विश्रांती ही फसवी उधारी असते. न वापरलेल्या शिरेची ताकद घटते, दुखणं मात्र थांबतं, कारण तिला कुणी काही मागतच नाही. दीड महिन्याने ‘शून्य’ दुखणं घेऊन तुम्ही पट्ट्यावर चढता आणि पहिल्याच दिवशी तिच्याकडे जुना हिशेब मागता. मी हे केलंय. अकराव्या मिनिटाला उतरलो.

स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकिलिसच्या ३८ रुग्णांचे दोन गट केले होते. व्यायाम दोघांना सारखेच. एका गटाने पहिले सहा आठवडे धावणं-उड्या बंद ठेवल्या. दुसऱ्याने चालू ठेवल्या, पण एका अटीवर: दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं असलं पाहिजे. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले. धावत राहिलेल्यांचं नुकसान झालं नाही. मला यातली सकाळची अट सगळ्यात मोलाची वाटते. धावताना शीर गरम झाली की गप्प बसते, लबाड असते ती. खरं काय ते दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या पाच पावलांत कळतं. आणि हो, वेदनाशामक गोळी घेऊन धावणं म्हणजे साक्षीदारालाच गप्प करणं.

‘रोज थोडं’ हा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो. पण धावण्याचा ताण पडल्यावर पहिला दीडेक दिवस शिरेतल्या कोलॅजनची, म्हणजे तिच्या धाग्यांची, मोडतोड बांधणीपेक्षा जास्त चालते, मग तराजू उलटतो. चोवीस तासांत पुन्हा धावलात तर बांधकामाची पाळी यायच्या आधीच पाडकाम. एक दिवसाआड धावा. मधल्या दिवशी सायकल चालवा, पोहा.

स्लोपचा नियम तर खऱ्या संशोधनातून उचललाय आणि चुकीच्या माणसाला लावलाय. जोन्स आणि डाउस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवलं की १ टक्का चढ ठेवला तर ट्रेडमिलवर बाहेरच्याइतकीच ऊर्जा लागते. ते वेग होते ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर, जिथे हवेचा अडथळा जाणवतो. सातच्या वेगाने रांगणाऱ्या माझ्यासारख्याला कसली हवा? उलट चढाने घोटा जास्त वाकतो आणि पोटरी-टाचेवर ताण वाढतो. माझा स्लोप शून्य. गुडघ्याच्या पुढच्या भागाचं दुखणं असेल तर मात्र किंचित चढ सोसूही शकतो, ते आपापल्या फिजिओला विचारावं.

दहा टक्क्यांचं काय? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला नवख्या धावपटूंवर झालेली चाचणी २००८ मध्ये छापून आली. एका गटाला याच दहा टक्क्यांच्या नियमावर बेतलेला, १३ आठवड्यांचा सावकाश वाढणारा आराखडा, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा. दुखापतींचं प्रमाण २०.८ आणि २०.३ टक्के. ते लोक दुखापतीतून उठलेले नव्हते, म्हणून हा आकडा दाखवून मी कुणाला धसमुसळेपणाचा परवाना देत नाही. पण ‘शक्यच नाही’ हे शब्द तिथेच गळून पडतात. शिवाय गणित करा: दोन किलोमीटरवर दहा टक्के म्हणजे दोनशे मीटर, त्या गतीने दहा किलोमीटर गाठायला सतरा आठवडे. दुसरीकडे चाळीस किलोमीटरवर तेच दहा टक्के म्हणजे एकदम चार किलोमीटर. टक्केवारीला तुमची टाच माहीत नसते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, आणि हीच सगळ्यात घातक. वर लिहिलेलं ‘थोडं दुखलं तरी चालेल’ हे शिरेसाठी आहे, हाडासाठी नाही. नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, किंवा जांघेत खोल दुखत असेल, तर ट्रेडमिल नको, मापटं नको, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. स्ट्रेस फ्रॅक्चरवर, म्हणजे हाडाला पडलेल्या बारीक चिरेवर, धावून कुणी बरं होत नाही.

माझं सध्याचं वेळापत्रक असं. भिंतीला हात टेकून एका पायावर टाच वर-खाली, वीस वेळा सलग जमेपर्यंत पट्ट्यावर धावायचं नाही असं फिजिओने बजावलं होतं. ते जमायला नऊ आठवडे गेले. आता एक दिवसाआड, सातच्या वेगाने दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, सहा फेऱ्या. पावलं मुद्दाम आखूड आणि जरा भराभर. परवा हुरूप येऊन आठ फेऱ्या मारल्या. काल सकाळी जिना उतरताना टाच दहापैकी सहा बोलली. उद्या पुन्हा सहाच फेऱ्या.