रात्री जत्रेत चालतो, मग सकाळी शाळेत का नाही?

शुक्रवारी रात्री साडेनऊला मुख्याध्यापकांचा मेसेज आला : "उद्याचा कार्यक्रम काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात येत आहे." कार्यक्रम म्हणजे काय, तर दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, बाईची भूमिका करणारे आमच्या गावातले एक काका शाळेत येऊन मुलांना आपली कला दाखवणार होते. कसलं अपरिहार्य? कारण अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. ४० सेकंदांचा एक व्हिडिओ. दुपारी कुणीतरी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना घाबरवून सोडलं. आज रविवार. दोन दिवस झाले, माझं डोकं अजून शांत होत नाही, म्हणून लिहितेय.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पट २३. वेंगुर्ल्याच्या बाजूला असतात तशीच, कौलारू, समोर वडाचा पार. शनिवारी दप्तराविना काहीतरी करून घ्यायचं असतं, 'आनंददायी शनिवार' म्हणतात त्याला. मागच्या तीन शनिवारी काय झालं? एकदा कागदाच्या होड्या, आणि दोनदा टीव्हीला मोबाइल जोडून कार्टून. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मीच बैठकीत म्हटलं, आपल्याच गावात दशावतारातले इतके जुने कलाकार राहतात, त्यांना तासभर बोलवूया. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही स्थानिक कलाकारांना शाळेशी जोडून घ्या असं आहे, म्हणजे मी काही जगावेगळं सांगत नव्हते. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्तात नोंद झाली, सह्या झाल्या.

हे काका त्यातलेच एक. ते स्त्रीपार्ट, म्हणजे नाटकातल्या बायकांच्या भूमिका, करतात. वयाच्या सतराव्या वर्षापासून करतायत, आता पंचावन्नचे आहेत. द्रौपदी, तारामती, दमयंती, सगळ्या त्यांनी केल्यात. जत्रांचे दिवस आले की रात्रभर नाटक, पहाटे टेम्पोतून घरी, दुपारपर्यंत झोप, संध्याकाळी पुन्हा रंग. पावसाळ्यात शेती. असा माणूस शनिवारची सकाळची झोप मोडून फुकट यायला तयार झाला, कारण तो स्वतः याच शाळेत चौथीपर्यंत शिकला.

गुरुवारी संध्याकाळी ते पेटी घेऊन आमच्या पडवीत आले. शाळा आमच्या घरापासून दोन मिनिटांवर, म्हणून पेटी इथेच ठेवायची ठरली होती. "मुलांका काय दाखवचा ता एकदा बघ गे," म्हणाले. पेटी उघडली. वर इस्त्री केलेली नऊवारी, खाली गंगावन, बांगड्या, रंगाचे डबे आणि कडेचा पत्रा वाकलेला एक छोटा आरसा. पण त्यांनी त्यातलं काहीच बाहेर काढलं नाही. लुंगी आणि बनियनवर होते तसेच उठले, चार पावलं मागे गेले आणि चालत आले. एवढंच. पाऊल आखूड झालं, मान जरा कलली, आणि उजव्या हाताची दोन बोटं खांद्यावर गेली, तिथे नसलेला पदर सावरायला. माझा तिसरीतला मुलगा उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "आई, काका खंय गेले?"

मुलांना हेच दाखवायचं होतं. साडी नंतर, आधी माणूस कसा बदलतो ते. मग चेहऱ्याला रंग कसा लागतो, काष्टा कसा घालतात, आणि शेवटी एक खेळ. दोन मुलांना उभं करायचं, एकाला राजा करायचं, एकाला शेतकरी, आणि कागद न देता बोलायला लावायचं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, आणि मग हार्मोनियम, मृदंग नि झांजेच्या साथीवर माणूस उभ्या उभ्या बोलतो, तासन् तास. देवी आणि राणी शुद्ध मराठीत, हास्यपार्टी मालवणीत, आणि दोन्ही एकाच रंगमंचावर. आमची पोरं वर्गात 'माका' म्हणाली की त्यांना गप्प बसवलं जातं. त्यातली निम्मी त्या भीतीने तोंडच उघडत नाहीत. अशा मुलांसमोर दोन्ही भाषा सारख्याच मानाने बोलणारा माणूस उभा राहणार होता. तासभर का होईना, पण उभा राहणार होता.

आणि मग तो व्हिडिओ.

व्हिडिओ अमेरिकेतला. चमचमता झगा, मोठा टोप, गडद रंगरंगोटी केलेला एक पुरुष वाचनालयात बसून लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवतोय. खाली मराठीत लिहिलेलं : 'हे आता आपल्या शाळांत येत आहे, जागे व्हा.' कुठे येत आहे? कोण आणत आहे? कुणी विचारलं नाही. तिकडचा तो प्रकार २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला, बायकांचा वेष करून रंगमंचावर उभे राहणारे कलाकार वाचनालयात येऊन मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतात. त्यावरून तिथे मोठं भांडण आहे. टेनेसी राज्याने तर २०२३ साली अशा कार्यक्रमांवर बंधनं घालणारा कायदाच केला आणि तो कोर्टात गेला. मी हे सगळं वाचलं, कारण मला रागाच्या भरात खोटं बोलायचं नव्हतं. माझं मत विचाराल तर तिथेही प्रश्न एकच आहे, तो माणूस मुलांसमोर काय करतोय? रात्री दारूच्या बारमध्ये मोठ्यांसाठी करतो ते करत असेल, तर त्याला दारातून परत पाठवा. सशाची गोष्ट वाचत असेल, तर वाचू दे. झगा घातला म्हणून सशाची गोष्ट घाण होत नाही.

पण ते तिकडचं. आमच्या काकांचा त्याच्याशी संबंध काय? तरी ग्रुपवर सुरू झालं. "लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो." "उद्या आमचो झील साडी मागीत." "शाळा ही संस्कारांची जागा आहे." आणि एकाने लिहिलं, "तो तसलोच आसा, माका म्हायत आसा."

हे वाचून मी तडक उत्तर टाकलं, "त्यांना बायको आहे, दोन मुलगे आहेत, नातू आहे." पाठवलं आणि पुढच्या क्षणाला मला माझाच संताप आला. हे मी का सांगितलं? बायको नसती तर? ते खरोखरच 'तसले' असते तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ साली समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हटलं, आणि मी एका माणसाला शाळेत येण्याच्या लायकीचं ठरवायला त्याच्या संसाराचा दाखला जोडत होते. जो ग्रुपने मागितला तो मी निमूट दिला. तो दाखला मागण्याचा कुणालाच हक्क नव्हता. द्यायचा मलाही नव्हता. तो मेसेज मी पुसला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता, आणि "बरां, मग ठीक आसा" असं दोघांनी लिहिलंही होतं. म्हणजे बघा.

ग्रुपवर ओरडणाऱ्यांतला एकही जण असा नाही, जो काकांना बघत लहानाचा मोठा झालेला नाही. एकही नाही! जत्रेला हीच माणसं पोरांना घेऊन येतात. देवळासमोर गोधड्या अंथरतात, खाज्याच्या पुड्या सोडतात, पोरं आईच्या मांडीवर अर्धी झोपेत, संकासुर राक्षस आला की दचकून उठतात. पहाटे चारला द्रौपदी सभेत उभी राहून टाहो फोडते तेव्हा म्हाताऱ्या डोळे पुसतात. ती द्रौपदी हेच काका. ज्याने तो व्हिडिओ टाकला, त्याने मागच्या वर्षी द्रौपदीच्या हातात १०० रुपयांचं बक्षीस दिलं आणि शेजारी उभा राहून फोटो काढला. तो फोटो याच ग्रुपवर आहे, वर सरकवून बघा. तेव्हा त्याच्या मुलाच्या मनावर परिणाम झाला नाही. तोच मुलगा फोटोत काकांच्या कमरेला मिठी मारून उभा आहे. शिमग्यात राधा होऊन पुरुषच दारोदार नाचतो ना? आपण तिला ओवाळणी घालतो ना? बालगंधर्वांच्या नऊवारीची आणि केसांच्या वळणाची नक्कल घराघरातल्या बायका करायच्या, त्यांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं. लाज वाटायची ती कुणाला आणि कधीपासून?

संस्कार म्हणता, तर विराटपर्व तरी आठवा. आमच्याकडे पोराटोरांना पाठ असतं. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा झाला, आणि विराट राजाने त्याला कुठे नेमलं? आपल्या मुलीला, उत्तरेला, गाणं आणि नृत्य शिकवायला. बायकी वेषातला गुरू राजाने मुलीसमोर बसवला, तेही पारखून. त्याच राजवाड्यात सैरंध्री झालेल्या द्रौपदीच्या वाटेत आडवा कोण आला? कीचक. राणीचा भाऊ, राज्याचा सेनापती, भर दरबारात मान असलेला. कीचकवधाच्या आख्यानात काकांनी किती वेळा सैरंध्री उभी केलीय, आणि तुम्ही किती वेळा कीचकाला शिव्या घातल्यात! धोका कुठून येतो ते त्या आख्यानात सरळ सांगितलंय.

मुलांची काळजी असेल तर चला, तिच्याबद्दल बोलू. मला खरंच बोलायचंय. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ सालचा. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते, मुलांवरच्या बलात्काराच्या प्रकरणांत १०० पैकी ९० हून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. नातेवाईक, शेजारी, रोजचा माणूस. आमच्या शाळेत तक्रारपेटी आहे. कार्यालयाच्या दाराशी, मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. पहिलीतल्या मुलीचा हात पोचत नाही. कुलूप लागलंय, किल्ली गेल्या वर्षापासून सापडत नाही. समितीच्या तीन बैठकांत मी हा विषय काढला. तिन्ही वेळा "बघूया" झालं. तेव्हा हा ग्रुप कुठे होता? मुलांना नेणाऱ्या रिक्षात किती पोरं कोंबतात, तो चालवणारा कोण, त्याचं लायसन्स आहे का, कुणी कधी विचारलं? मुलींच्या मुतारीचं दार लागत नाही, आतून दोरी बांधावी लागते. त्यावर एक तरी मेसेज? संस्काराची आठवण फक्त साडी नेसलेला पुरुष दिसल्यावर येते. आणि त्याच संस्कारवाल्यांनी स्नेहसंमेलनात सात वर्षांच्या मुलींना ज्या गाण्यांवर कमरा हलवायला लावल्या, ते बघताना मला उठून जावंसं वाटलं होतं. तिथे टाळ्या पडल्या.

काकांचा तास कसा व्हायचा होता तेही सांगते, कारण "काय दाखवतीत कोण जाणे" असंही कुणीतरी लिहिलं होतं. दोन्ही शिक्षक वर्गात बसणार होते. ज्याला यायचं त्या पालकाने यावं असं सूचनेत लिहिलं होतं. रात्रीच्या खेळात हास्यपार्टीचे काही विनोद चावट असतात, हे काकांनीच आपणहून काढलं आणि म्हणाले, "ता मोठ्यांचा, पोरांका नको." कोणासमोर काय करायचं याची समज ३८ वर्षं प्रेक्षकांसमोर उभं राहिलेल्या माणसाला नसेल तर कुणाला असेल? शंका होती त्याने येऊन बसायचं होतं की समोर! एकाने फोन करून विचारलं नाही. दोन वाड्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला विचारायचं सोडून सगळे अमेरिकेतला व्हिडिओ बघत बसले.

मुख्याध्यापकांना मी शनिवारी सकाळी भेटले. म्हणाले, "मॅडम, माका वैयक्तिक काय प्रॉब्लेम नाय, पण वर तक्रार गेली तर?" वर म्हणजे कुठे? कशाची तक्रार? धोरणात लिहिलेलं, समितीने सह्या करून ठरवलेलं, गावातल्याच कलाकाराने फुकट करायचं कबूल केलेलं काम केलं याची? पटसंख्या घटतेय, शाळा बंद पडेल या भीतीखाली हे लोक दिवस काढतात हे मला कळतं. एका पालकाने दाखला काढला तरी त्यांना घाम फुटतो. कळतं. पण तुम्ही शिक्षक आहात. एका फॉरवर्डपुढे शिक्षकच वाकला, तर पोरांनी कुणाकडे बघायचं? शनिवारी त्या २३ मुलांनी पुन्हा कार्टून पाहिलं.

शुक्रवारी रात्री काकांना फोन मलाच करावा लागला. मुख्याध्यापकांनी केला नाही. मी कारण सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "होय गे बाय, कळला माका." त्यांनाही कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "पेटी थंयच ऱ्हवांदे. मगे न्हेतंय." इतकी वर्षं लोकांसमोर बाई होऊन रडलेला माणूस, पण आवाजात काही कळू दिलं नाही.

मंगळवारी आमच्या गावची जत्रा आहे. द्रौपदी वस्त्रहरण आहे. सगळे येणार, पुढच्या रांगेत बसणार, पोरांना मांडीवर घेणार.

उद्या सोमवारी मी समितीची तातडीची बैठक मागतेय, लेखी. दोनच विषय आहेत : रद्द झालेल्या कार्यक्रमाची नवी तारीख, आणि तक्रारपेटीची किल्ली. काकांची पेटी अजून आमच्या पडवीत आहे. काल मुलाने ती उघडून तो वाकडा आरसा बाहेर काढला होता, दोन बोटं खांद्यावर ठेवून बघत होता. मी त्याला ओरडले नाही.