पीठ कोणाच्या डब्यातलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नर्मदे हर.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, ह्यांनाही वाचून दाखवली. कुठल्याही संस्थेबरोबर न जाता आम्ही दोघांनी पायी नर्मदा परिक्रमा केली. तिच्या तयारीवर मी जे लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. याद्या आणि कोष्टकं करणाऱ्याचा नर्मदामैयावर विश्वास नसतो. पैसे बाळगून केलेली परिक्रमा ही परिक्रमाच नव्हे. आणि नवरा-बायकोनं जोडीनं चालणं म्हणजे संसार पाठीवर घेऊन सहलीला निघणं. तुमच्या आजोबांनी तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची परिक्रमा एका झोळीवर केली, हेही तुम्ही लिहिलंत.

एक गोष्ट आधी मान्य करते. तारीखवार मुक्कामांचं ते कोष्टक चुकलंच होतं. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, दोन्ही तटांची दुप्पट, रोजचे अठरा किलोमीटर, असा हिशेब मांडून आम्ही पाच महिने आखले होते. ओंकारेश्वरहून निघाल्यावर सहाव्या दिवशीच ते बिघडलं. पुढे नर्मदा समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरला, तर समुद्र ओलांडायला दोन दिवस थांबलो. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, आमच्या वेळेवर नाही. नंदुरबारच्या बाजूला काठाची जुनी वाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली आहे. तिथे कोणी डोंगरातून जातं, कोणी खाली शहादा-प्रकाशावरून. कुठून जायचं ते आदल्या मुक्कामावरची माणसंच नीट सांगतात. त्यामुळे ते कोष्टक मी काढून टाकलं आहे. कोणी ते छापून घेऊन निघालं असतं तर दोष माझा होता.

यादीचं मात्र तसं नाही. ती का झाली ते सांगते.

बडवानी सोडून पाटी गावाच्या पुढे डोंगरात गेलो, तेव्हा आम्हीही तुमच्यासारखंच म्हणत होतो, मैया बघून घेईल. शिधा जवळ ठेवायचा नाही, मिळेल ते खायचं. एका संध्याकाळी अंधार पडता पडता एका पाड्यावर पोचलो. पहिल्याच घरातल्या बाईनं हाक मारून आत घेतलं, हातपाय धुवायला पाणी दिलं. मी चुलीजवळ बसले होते. तिनं पत्र्याचा डबा ओढला आणि वाटीनं मक्याचं पीठ काढायला लागली. वाटी तळाला खरवडल्याचा आवाज आला. तिनं डबा तिरका केला, कोपऱ्यातलं पीठ हातानं पुसून घेतलं, आणि पोराच्या हातात ताट देऊन त्याला शेजारच्या घरी पाठवलं. तो थोडं पीठ घेऊन आला. आम्हाला चार भाकरी वाढल्या, मिरचीची चटणी दिली. घरातली माणसं नंतर जेवली. काय जेवली ते मला दिसलं, पण ते इथे लिहिणार नाही.

सकाळी ह्यांनी पैसे पुढे केले तर तिनं हात मागे घेतला. पुढच्या गावात किराण्याचं दुकान लागलं. तिथून पाच किलो पीठ घेतलं आणि त्या बाजूला निघालेल्या एका मोटारसायकलवाल्याकडे दिलं. ते पोचलं की नाही, आम्हाला आजही माहीत नाही.

त्या दिवसापासून शिध्याची यादी सुरू झाली. दुपारी जे दुकान लागेल तिथे पीठ, अर्धा किलो डाळ, गूळ, चहापत्ती घ्यायची आणि रात्री ज्या घरी थांबू तिथे टेकण्याआधी चुलीपाशी ठेवायची. पैसे नाकारणारं घर शिधा नाकारत नाही, कारण त्यातून सगळ्यांचाच स्वयंपाक होतो. विश्वास मैयावर होताच, काका. पण मैया आमचं बघते ती त्या बाईच्या डब्यातून बघते, हे त्या आवाजानं कळलं. ज्या घरी उद्याचं पीठ आहे की नाही ते ठाऊक नाही, तिथे रिकाम्या हातानं जाऊन त्याला वैराग्य म्हणणं मला जमणार नाही.

आणि परंपरेला नियोजन परकं कुठे आहे? सदावर्तात कोरडा शिधा मिळतो, रांधायचं आपण. म्हणजे परिक्रमावासीकडे भांडं असणार हे धरलेलंच आहे. चातुर्मासात एका जागी थांबायचं, कारण पावसात मैयाला मिळणाऱ्या नद्या-नाले ओलांडता येत नाहीत. मैयाला उजव्या हाताला ठेवायचं, तिला ओलांडायचं नाही, म्हणून समुद्रापाशी नाव. हे सगळं कोणीतरी आधी बसून ठरवलेलंच आहे.

आता जोडीनं चालण्याबद्दल. परिक्रमेत ब्रह्मचर्य पाळायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. काही आश्रमांत बायकांची झोपायची सोय वेगळी, तिथे आम्ही वेगळे झोपलो. पण दोघांनीच निघायचं तर दोघांनी काही गोष्टी घरीच ठरवाव्या लागतात, आणि मी त्यावर एवढं लिहिलं ते ह्यासाठीच. निघण्याआधी तीन महिने पाठीवर ओझं घेऊन आम्ही चालायचो. सांगलीहून नरसोबाच्या वाडीला चालत गेलो तेव्हा कळलं की हे पुढे निघून जातात आणि मी मागून ओढली जाते, मग दोघंही चिडतो. तेव्हाच ठरलं, हळू चालणारा पुढे. म्हणजे मी पुढे. एकानं ‘आज बस’ म्हटलं की दुसऱ्यानं का म्हणून विचारायचं नाही.

तिसरा नियम मात्र वाटेत झाला. भरूचच्या अलीकडे ह्यांनी टाचेचा फोड दोन दिवस लपवला, माझं चालणं अडू नये म्हणून. त्यात पू झाला, ताप आला, चार दिवस एका धर्मशाळेत पडून राहिलो. त्यानंतर रोज संध्याकाळी एकमेकांचे तळवे बॅटरीच्या उजेडात बघायचे, हा नेम. छत्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांचे तळवे असे कधी बघितले नव्हते. भेगा, एका बोटाला जुनी जखम. ती कधीची विचारलं, तर गिरणीत कामाला होते तेव्हाची म्हणाले. मला माहीतच नव्हती. रोज तेल चोळताना माझ्या मनात जे यायचं, ते देवळात हात जोडताना येतं तसंच होतं. त्याला सहल म्हणू नका, एवढी विनंती आहे.

तुमच्या आजोबांबद्दल मात्र खरंच विचारायचं आहे. चातुर्मास त्यांनी कोणत्या गावी काढले? शूलपाणीच्या झाडीत त्यांना मामा लोकांनी, म्हणजे तिथल्या भिल्लांनी, लुटलं का? आणि त्या झोळीत काय काय होतं, हे घरात कोणाला आठवत असेल तर नक्की लिहा. पातेलं होतं का, तेवढं आवर्जून कळवा.