भांडवल थोडं, माळा मावशीचा

वडापावची गाडी टाकायची म्हटली, तर पहिला वडा कढईत पडण्याआधी माणूसच कागदांत तळून निघतो. पालिकेचा परवाना, अन्न सुरक्षेची नोंदणी, सिलिंडर, बटाट्याचा भाव, पावसाळ्यात ओला होणारा पाव. वर गिऱ्हाईक उभ्याउभ्या सुनावतं की चटणी कालच्यासारखी नाही. सोडा हो हे सगळं. तुमच्यासारख्या होतकरू, भांडवलाने बेताच्या आणि धीराने त्याहून बेताच्या माणसाने ई-सिगारेटच विकावी, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ ओढायची ती बॅटरीवरची नळी. गाळा नको, पाटी नको, शॉप अ‍ॅक्ट नको, जीएसटी नको, वजनमापवाल्यांची भेट नको. या साऱ्या सवलती सरकारनेच दिल्या आहेत. फक्त योजनेला नाव ‘बंदी’ असं ठेवलंय.

योजना १८ सप्टेंबर २०१९ ला जाहीर झाली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी वटहुकमाची घोषणा केली आणि डिसेंबरात कायदा आला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. चारशेच्या वर ब्रँड आणि दीडशेच्या वर स्वाद आहेत, असं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. त्या गर्दीत तुम्हाला कोण विचारणार होतं? अमेरिकेची ज्यूल ही ई-सिगारेट कंपनीही भारतात उतरायच्या बेतात होती. तिच्यात डिसेंबर २०१८ मध्ये अल्ट्रिया या सिगारेट कंपनीने ३५ टक्के हिस्सा घेतला, १२.८ अब्ज डॉलर मोजून. २०२२ संपताना त्या हिश्शाची किंमत २५ कोटी डॉलरवर आली होती. तुम्ही कितीही जीव काढलात तरी एवढा तोटा तुम्हाला जमणार नाही. छोट्या धंद्याचा हाच मोठा फायदा.

माल येतो चीनमधून. जगातली बहुतेक सगळी ई-सिगारेट शेन्झेन आणि आसपासच्या कारखान्यांत तयार होते. त्या चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या लोकांना फळांच्या स्वादाची ई-सिगारेट विकणं बंद केलं. बाहेर पाठवणं मात्र चालू ठेवलं. म्हणजे तिथल्या पोरांना जे नको ते तुमच्या गल्लीतल्या पोरांना चालतं, आणि हा दुवा जोडण्याचं पुण्य तुमच्या पदरात. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंद्रा बंदरावर महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे ४८ कोटींचा माल धरला. घाबरू नका. ही मोठ्यांची दुखणी, तुम्ही पन्नास नगांपासून सुरुवात करा.

आता हिशेब. भाव शहरागणिक बदलतात, म्हणून समजा नग सातशेला पडला आणि दीड हजाराला गेला. पन्नास नगांना ३५ हजार घातले, हाती ७५ हजार आले, सुटले ४० हजार. एमआरपी छापलेली नसल्याने ‘जास्त का लावलं’ म्हणून कुणी भांडत नाही. यातून वजा करा: गळके निघालेले नग, बॅटरी मेलेले नग, पोहोचवणाऱ्या पोराचे पैसे, आणि ज्याची पावती मिळत नाही तो मासिक खर्च. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नगामागे आठशे सुटतात, तर लाखाचा दंड म्हणजे १२५ नग. दुसऱ्यांदा सापडलात तर पाच लाखांपर्यंत दंड, म्हणजे ६२५ नग, आणि सोबत तीन वर्षांपर्यंत कैद. इथे ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे. कैदेचं नगांत रूपांतर कसं करायचं हे कुठल्याच हिशेबवहीत सापडत नाही, तेव्हा तो रकाना कोरा ठेवा. तुमच्या लाइनीतले सगळेच ठेवतात.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न मात्र नीट सोडवा. चाळीस वर्षं विडी ओढणारे आजोबा तुमचे नव्हेत. सिगारेट सुटावी म्हणून उपाय शोधणारा पन्नाशीतला कारकूनही नव्हे. तो सुटला तर तुमचं काय? तुम्हाला हवं नवं, ताजं, लांब पल्ल्याचं गिऱ्हाईक. नववी-दहावीपासून सुरुवात झाली, तर एक गिऱ्हाईक तीस-चाळीस वर्षं पुरतं. आंबा, ब्लूबेरी, मिंट हे स्वाद उगाच काढलेले नाहीत. कपड्यांना वास राहत नाही, हायलायटरसारखी वस्तू कंपासपेटीत मावते, आणि आईने विचारलं तर ‘पेन ड्राइव्ह’ म्हणता येतं. युरोपात द्रवाच्या मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम निकोटिनची मर्यादा आहे. तुमच्या डबीवर ५ टक्के लिहिलेलं असलं, तर ते ५० मिलिग्रॅम झालं. आणि आत खरंच तेवढंच आहे का, हे तपासणारी प्रयोगशाळा तुमच्या वाटेत कुठेच लागत नाही. वाढत्या वयातल्या मेंदूला निकोटिन लवकर चिकटतं, असं डॉक्टर सांगतात. धंद्याच्या भाषेत याला ग्राहकनिष्ठा म्हणायचं.

शिवाय बंदीने तुमची केवढी अडचण दूर केली बघा. २००३ च्या तंबाखू कायद्यामुळे बिचाऱ्या टपरीवाल्याला अठरा वर्षांखालच्या मुलाला सिगारेट देता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांत दुकान मांडता येत नाही. तुमचा माल सगळ्यांनाच वर्ज्य. मग समोरचा चौदाचा की चाळिसाचा, हे विचारायचं कारणच उरत नाही. वय बघून नाही म्हणण्याचं जे काय थोडं ओझं दुकानदाराच्या मनावर असतं, तेही तुमच्या मनावर नाही.

प्रशिक्षण कुठे मिळेल, असं विचाराल. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तेव्हापासून गुटखा कुठेच मिळत नाही, फक्त जिथे हवा तिथे मिळतो. २०२० मध्ये सुटी सिगारेट विकायलाही राज्यात बंदी आली. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन सुटी मागून बघा, पहिला धडा तिथेच मिळेल. अखंड पाकिटाची गोष्ट वेगळी, ते कायदेशीर. आयटीसी या सिगारेट कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचा घसघशीत हिस्सा आहे, आणि ई-सिगारेटवर बंदी आली त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वधारले होते. लोकांची फुप्फुसं कुणी जपायची, याची वाटणी तेव्हाच झाली.

काही बारीकसारीक गोष्टी राहिल्या. मुलांना उधारी देऊ नका. १८७२ च्या करार कायद्याचं २३ वं कलम म्हणतं, बेकायदा हेतूचा करार रद्दबातल. म्हणजे पोराने बुडवलं तर कोर्टात जाता येत नाही. वरच्या पुरवठादाराने नकली माल मारला तर पोलिसांतही जाता येत नाही, कारण तुमची तक्रार हाच तुमचा कबुलीजबाब. प्राप्तिकर मात्र लागतो. बेकायदा कमाईसुद्धा करपात्र असते आणि गुन्ह्यासाठी केलेला खर्च वजावटीला मिळत नाही. तो बिनपावतीचा मासिक खर्च सीएला दाखवायचा मोह आवरा.

आणि साठा. स्वतःच्या घरात ठेवू नका, असं जाणकार सांगतात. मावशी एकटी राहते, माळा रिकामाच आहे, भाच्याचा खोका ठेवायला ती कधी नाही म्हणणार नाही. फक्त खोक्यात काय आहे ते तिला सांगू नका, प्रेमापोटीसुद्धा नाही. बंदीच्या कायद्यात जागेच्या मालकासाठी वेगळं कलम आहे: माहीत असून साठा ठेवू दिला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘माहीत असून’ हे कोर्टात सिद्ध व्हायला वेळ लागतो. तोवर मावशीने तारखांना जायचं, सांधेदुखीच्या गोळ्या पर्समध्ये ठेवून. रिक्षाचं भाडं धंद्याच्या खर्चात धरा.