अभ्यासाला वेळ मिळू नये म्हणून

नोकरी, घर, रोजची ये-जा आणि वर एक परीक्षा, एवढं सगळं असलं की अभ्यासाला वेळ आपोआप मिळेनासा होतो, असा तुमचा समज असेल. तो सोडा. दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे इतके सांडलेले असतात की जरा गाफील राहिलात तर एखादं प्रकरण वाचून व्हायचं. तेव्हा थोडी मेहनत घ्यावी लागेल.

आधी वेळापत्रक करा. पहाटे पाच ते रात्री अकरा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे 36 रकाने. आठवड्याचे झाले 252. प्रत्येक विषयाला वेगळा रंग. अंघोळ, कपड्यांच्या घड्या आणि ऐन निघताना येणारा फोन यांना रकाना द्यायचा नाही. आणि एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, ही मुख्य गोष्ट. आठवड्यात दोन-तीन जरी मोकळे राहिले, तर मंगळवारी बुडलेला तास बुधवारी तिथे बसतो आणि वेळापत्रक चक्क टिकतं. ठासून भरलेलं असलं की मंगळवारचा धक्का थेट शनिवारपर्यंत पोचतो, गुरुवारी तुम्ही तक्त्याकडे बघणं सोडता आणि सोमवारपासून नवा करायचं ठरवता. नव्या तक्त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते, हा वरचा फायदा.

कुठल्या धड्याला किती वेळ लागेल, हे मनानेच ठरवा. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज निघाला 34 दिवसांच्या आसपास. लागले 55 हून जास्त. हे वाचून कुणी मागच्या धड्याला खरोखर किती वेळ लागला ते बघतात आणि तोच आकडा पुढच्याला धरतात. असली माणसं वेळेत उरकतात. त्यांच्यापासून लांब राहा.

बसायचा मुहूर्त मात्र पाळा. सात वाजून दहा मिनिटं झाली असतील तर साडेसातला बसू. साडेसातला पाणी प्यायला उठलात आणि 7:34 झाले, तर आता आठच. या मधल्या वेळात टेबल आवरा, पेनांच्या रिफिली तपासा. आठला बसलात तरी कालचं पान शोधण्यात दहा मिनिटं जायला हवीत. त्यासाठी काल उठताना पुस्तकात खूण घालायची नाही आणि ‘उद्या गणित क्रमांक सात’ अशी चिठ्ठीही ठेवायची नाही. चिठ्ठी असली की माणूस वीस मिनिटांतही काहीतरी करून जातो.

तुकड्यांना हातच लावू नका. सगळं रविवारवर टाका. रोज वीस मिनिटं तीनदा, असे सहा दिवस बसलं तरी होतात सहाच तास, मग रविवारी सलग सहा तास बसलेलं काय वाईट? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर सावकाश. म्हणजे आठवडाभर पुस्तक न उघडता मागचा रविवार छान पुसला जातो. नव्या रविवारचे पहिले दोन तास जुनंच वाचण्यात गेले, की उरले चार. आणि चौथ्या तासानंतरचं वाचन म्हणजे नुसती पानं उलटणं.

अभ्यासाची पद्धतही जपून निवडा. धडा पुन्हा पुन्हा वाचा, ओळीच्या ओळी पिवळ्या करा. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काय आठवतं ते लिहून बघायचं खूळ डोक्यात घेऊ नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे तपासलं होतं: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनीच आहे असं धरून चाला. शिवाय कोऱ्या कागदावर आपल्याला काय येत नाही ते लगेच दिसतं, आणि भरल्या घरात ते कुणाला हवंय?

मोबाइल जवळ हवाच, 25 मिनिटांचा गजर लावायला. गजर बंद करायला तो उचललात की पाच मिनिटांच्या सुटीची चाळीस होतात. साधं घड्याळ वापरलंत तर ही सोय जाते. बसण्याआधी कामाचा एखादा ईमेल उघडून वाचा, पण उत्तर देऊ नका, पुढे काय करायचं तेही टिपून ठेवू नका. मन तासभर तिथेच घुटमळत राहील.

घरच्यांना अभ्यासाची ठरलेली वेळ सांगू नका. सांगितलीत तर ते ती पाळतील, आणि मग दर दहा मिनिटांनी ‘मला कुणी बसूच देत नाही’ म्हणून कावायची सोय उरणार नाही.

एवढं करूनही डायरी भरायची असेल तर तिच्यात तास लिहा. काय आलं ते लिहू नका. पुस्तकावर डोकं टेकून लागलेली डुलकीही तासांतच धरा.