‘दोन-चार लाखांत काय होणार?’ मोडीच्या कागदांवरून एक उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘डिजिटल मानव्यविद्या’ (म्हणजे संगणकाच्या मदतीने इतिहास, भाषा, साहित्य यांचा अभ्यास) अशा भारदस्त नावाखाली दोन-चार लाखांची अनुदानं वाटणं ही उधळपट्टी आहे. जुने कागद स्कॅन करणं म्हणजे संशोधन नव्हे. एवढ्याशा पैशात काही उभं राहत नाही. वेबसाइट निघते आणि दोन वर्षांत बंद पडते. द्यायचेच तर एखाद्या मोठ्या संस्थेला कोटभर द्या. शिवाय आता एआय आहे, ते वाचेल की जुन्या कागदांची मोडी लिपी. आणि शेवटी एक टोमणा: ‘नाहीतरी हे कागद लागतात कुणाला?’

मजकूर चुरचुरीत आहे आणि त्यातलं एक वाक्य खरंही आहे. त्याच्याकडे येतोच.

स्कॅन करणं म्हणजे संशोधन नव्हे, कबूल. पण स्कॅन झाल्यावर हातात काय असतं ते पाहा. पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, सोडा. आधी आडवी रेघ ओढून मग तिला टांगलेली अक्षरं. शब्द कुठे तुटतो याचा पत्ता नाही, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही. तारीख बघावी तर ‘सीत सबैन मया अलफ’. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७६. हा सुहूर सन. तो मृगाला बदलतो, त्यामुळे इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे महिना बघून ठरवावं लागतं. आणि महिना असतो हिजरी. इथे घाई केली की मार्च १७७६ मधल्या पुरंदरच्या तहानंतरचं पत्र खुशाल तहाच्या आधीचं होऊन बसतं. स्कॅनरला यातलं काही कळत नाही. त्याच्यासाठी तो एक पिवळट फोटो असतो, ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे अशा नावाचा. त्या फोटोला तारीख, लिहिणारा, गाव आणि विषय चिकटवतो तो माणूस. छोट्या अनुदानातून खरं तर त्याचं मानधन निघायला हवं.

हवं, असं मुद्दाम म्हणतोय. मी ज्या एका प्रकल्पात राबलो, तिथे स्कॅनरला पैसे मंजूर होते, संगणकाला होते, उद्घाटनाच्या चहापाण्यालाही होते. मोडी वाचणाऱ्याच्या नावापुढे ‘मानद’ असं लिहिलेलं होतं. पैसे नीट खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मात्र वेळेवर गेलं. टीका करायचीच तर इथे करा, मी पहिली सही करतो.

आता ‘थोड्या पैशात काही उभं राहत नाही’ हा मुद्दा. २०१४ च्या जूनमध्ये युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रणालीची, सातवी आवृत्ती आली आणि तीत मोडीला स्वतःची जागा मिळाली, ७९ चिन्हांची. त्याआधी संगणकावरची मोडी म्हणजे दुसऱ्याच अक्षरांवर चढवलेला मोडीचा पोशाख होता. फॉन्ट बदलला की पत्राचा कचरा. शोध घेता येत नव्हता, एकाने टंकलेलं दुसऱ्याकडे वाचता येत नव्हतं. मोडीचा प्रस्ताव अंशुमन पांडे या अभ्यासकाने छापील आणि हस्तलिखित नमुने जमवून, एकेका अक्षराची रूपं तपासून लिहिला. त्या कामाला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिपी-संकेतन उपक्रमाचा आधार होता आणि त्या उपक्रमाला अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेचं अनुदान. ते अनुदान एकट्या मोडीसाठी नव्हतंच, जगभरच्या कितीतरी लिप्या त्यावर तगल्या. त्यातून इमारत उभी राहिली नाही, फीत कापली गेली नाही. पण आज फोनवर मोडी अक्षर उमटतं ते त्या कागदपत्री कष्टांमुळे.

ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दफ्तरांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. त्यातली प्राथमिक अनुदानं १५,००० पौंडांपर्यंतची. अट अशी की मूळ कागद आपल्या देशातच राहायचे, प्रत तेवढी डिजिटल. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने त्यातून बाजारातली स्वस्त बंगाली पुस्तकं जतन केली. रवींद्रनाथांच्या लेखनाचे सारे पाठभेद मांडणारा ‘बिचित्रा’ हा मोठा प्रकल्प २०१३ साली उभा राहिला तो त्याच विद्यापीठात, केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या पैशावर. मोठं काम झेपणारे हात छोट्या कामांवरच तयार होतात.

‘मग एकाच मोठ्या संस्थेला द्या’ याचं उत्तर अमेरिकेतूनच घ्या. मघाशी ज्या एन्डाउमेंटचं नाव घेतलं, तिने एप्रिल २०२५ मध्ये हजाराहून अधिक मंजूर अनुदानं एका फटक्यात रद्द केली. कोर्टकज्जे सुरू झाले. एकाच विहिरीवर अख्खं गाव असलं की असं होतं. आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी: कागद अजून वाड्यांच्या माळ्यावर आहेत, आणि अनोळखी संस्थेच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला कुणी माळ्यावर चढू देत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झालं, पण त्याचे संस्थापक इतिहासकार वि. का. राजवाडे त्याच्या कितीतरी आधीपासून कागदांसाठी दारोदार फिरत होते.

वेबसाइट बंद पडतात. हे ते खरं वाक्य. डोमेनचे पैसे भरायचे राहतात, मुलगा नोकरीला बंगळुरूला जातो, संपलं. पण हा दोष रकमेचा नाही, सवयीचा आहे. सजावटीच्या साइटऐवजी प्रतिमा आणि साधा मजकूर झेनोडोसारख्या फुकट ऑनलाइन भांडारात ठेवला, तर त्याला कायमचा क्रमांक मिळतो आणि प्रकल्प मेला तरी कागद जगतात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आपण आजही घरबसल्या चाळतो, कारण तो शिकागो विद्यापीठाच्या सर्व्हरवर आहे, कुणाच्या हौशी साइटवर नाही. अनुदान देणाऱ्याने शेवटचा हप्ता अशी प्रत जमा झाल्यावरच सोडावा. खर्च शून्य.

राहिलं एआय. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या गटाने मोडीचं देवनागरी करणारं मॉडेल मांडलं. काम चांगलं आहे, बातम्याही झाल्या. ते शिकलं कशावर? २,०४३ मोडी प्रतिमा आणि त्यांचं माणसांनी केलेलं लिप्यंतर. आता साधा हिशेब करू. जाणत्या वाचकाने दिवसाला पाच पानं उतरवली आणि वर्षाचे अडीचशे दिवस काम केलं, तर साडेबाराशे पानं होतात. म्हणजे एका माणसाचं दोन वर्षांचं मानधन त्या संचाहून जास्त पानं देऊन जाईल. एआयला मोडी वाचता यावी असं ज्याला वाटतं, त्याने तर अशी दहा-वीस छोटी अनुदानं मागायला हवीत.

आणि हे कागद लागतात कुणाला? २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, आणि जुन्या नोंदींपैकी कितीतरी मोडीत. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.