खुलासा : मॅनहोलचं झाकण उघडल्याने पाणी लवकर उतरत नाही

‘दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबलं की झाकणं उघडा, दहा मिनिटांत रस्ता मोकळा’ असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. तो चुकीचा आहे, आणि जीवघेणाही. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईतले पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांचा अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला.

मुंबईची जुनी पर्जन्य वाहिनी, म्हणजे पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी वाहिनी, ताशी २५ मिमी पावसासाठी, तीही ओहोटी धरून बांधलेली. ‘ब्रिमस्टोवॅड’ या महापालिकेच्या पर्जन्य वाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाने ती क्षमता ५० मिमीवर नेण्याचं ठरवलं. भरतीला मात्र समुद्राचंच पाणी वाहिनीच्या मुखातून आत शिरू पाहतं. खालची वाहिनी तुडुंब असताना वरून झाकण काढून पाणी जाणार कुठे? त्यात मलनिःसारणाची वाहिनी वेगळी. तिचं झाकण निघालं तर मैलाच रस्त्यावर येतो.

पाणी आत जातं ते रस्त्याकडेच्या जाळीतून. पाऊस पडण्याआधीच तिच्यावरच्या पिशव्या, पाला काढा. पाणी चढल्यावर तिथे हात घालू नका. मॅनहोलचं झाकण सरकलेलं दिसलं तर महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर कळवा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.